थकलेला तंबोरा

‘सुमतीबाईंचा षड्ज आता उतरतो,’ असा अभिप्राय संगीत मंडळाचे मान्यवर समीक्षक खांबेटे यांनी छापला आणि मंडळाने वार्षिक महोत्सवातले बाईंचे गाणे आदरपूर्वक रद्द केले. अभिप्रायाला आधार होता बाईंच्या नव्या ध्वनिमुद्रिकेचा आणि खांबेट्यांच्या परदेशी टर्नटेबलचा. त्यात मोटर रबरी पट्ट्याने तबकडी फिरवते.

रविवारी मंडळाच्या सभागृहात खांबेट्यांच्या टर्नटेबलाची एका बिनपट्ट्याच्या टर्नटेबलाशी तुलना झाली. पट्ट्याचा आवाज कसा उबदार आणि तबकडीला थेट फिरवणारी मोटर कशी रुक्ष, हे खांबेट्यांनी साग्रसंगीत सांगितले. मग बाईंची तीच ध्वनिमुद्रिका दोन्हींवर वाजली. थेट मोटरवर षड्ज जराही ढळला नाही. पट्ट्यावर तो हळूहळू खाली गेला; त्याच्यासोबत तंबोराही तेवढाच खाली गेला.

दुसऱ्या रांगेतून बाईंनी विचारले, "खांबेटेसाहेब, माझा गळा थकला असेल, वय झालंय. पण तंबोरा कशानं थकला हो?"

कोणीतरी हसले. गायक उतरला तरी तंबोरा जागेवर राहतो आणि त्याला उघडा पाडतो, हे शिकाऊ विद्यार्थीही जाणतो. स्वरशास्त्रावर ग्रंथ लिहिणाऱ्या खांबेट्यांना तंबोऱ्याचे उतरणे ऐकू आले नसेल असे मानणे, हा त्यांच्या विद्वत्तेचा अपमान ठरला असता.

खांबेट्यांनी सैल पट्टा बोटाने चाचपला. मान वर न करता ते म्हणाले, "तंबोरा उतरताना मला तेव्हाही ऐकू आला होता, बाई. पण यंत्र माझं होतं, म्हणून संशय तुमच्यावर घेतला."