उतारावरचे धोंडे

भंडारदऱ्याच्या डोंगरी सायकल शर्यतीतून पहिल्या तिघी जिल्ह्याच्या संघात जाणार होत्या. त्यासाठी माझी नात संस्कृती चार महिने आमच्या घरामागच्या टेकडीवर सराव करत होती. पण शर्यतीत पहिल्याच उताराला तिचं चाक धोंड्यावरून सटकलं आणि ती तोंडावर आपटली. ती उठेपर्यंत सगळ्या पोरी पुढं निघून गेल्या.

तिच्या गुडघ्याचं रक्त बघून माझं डोकं फिरलं. मी गळ्यात शिट्टी अडकवलेल्या पंचाची गचांडीच धरली.

"लाज वाटती का रं? लेकरं बोलवायची, अन् वाटंतले धोंडे काढायचं कळत न्हाई व्हय?"

"बाबा, सोडा आधी! धोंडे मुद्दाम ठेवलेत. त्यांच्यावरून सायकल काढायची, हीच तर शर्यत हाय."

"मला शिकवतो? मंग चार महिन्यांत माझी नात घरच्या टेकडीवर एकदा बी कशी पडली न्हाई?"

हे बोललो, आणि माझाच हात त्याच्या गळपट्टीवरून गळून पडला.


रोज ती शाळेतून यायच्या आत टेकडीच्या उतारावरचे सगळे धोंडे मीच तर वेचून टाकत होतो.