सोपानची आरोळी

डीजेचा प्लेअर अपडेट होताना पडद्यावर प्रश्न आला, 'आतलं सगळं पुसायचं?' नवनाथने बेधडक 'हो' दाबलं. गाणी पेनड्राइव्हवर होतीच.

त्याच्या डीजेचा दणका एवढा, की शेजारच्या गावातल्या कोंबड्या थेट उकडलेली अंडी घालत. पण प्रत्येक वरातीत आधी घुमायची ती वारलेल्या थोरल्या भावाची आरोळी: "सोपानचा डीजे आलाय, वाट सोडा!" ती रेकॉर्डिंग फक्त प्लेअरमध्येच होती.

वरात घरासमोर आली. आई नेहमीसारखी उंबऱ्यात कान देऊन उभी. एकदम गाणंच लागलं.

"का रं, आज सोपान्या बोलला नाही?"

नवनाथने माइक ओढला आणि भावाचा आवाज काढून तीच आरोळी ठोकली.

आईने दार लावून घेतलं. सोपान गेला तेव्हा तिने टिपूस गाळलं नव्हतं. आज तिचा हंबरडा डीजेच्याही वर ऐकू आला.