मनगटाचा रंग

"ह्यात आमची तृप्ती नाही," बाई म्हणाल्या. काउंटरवर त्यांनी मुलीचे चार फोटो मांडले होते. चारही आमच्याच स्टुडिओत काढलेले, स्थळांना पाठवायला. चारही न सांगताच गोरे केलेले. स्थळांच्या फोटोत तसं करायचंच असतं. मूळ फोटो आम्ही ठेवत नाही. आता हार घालायच्या फोटोत त्यांना मुलीचा खरा रंग हवा होता.

मी रंगांतला फरक मोजायचं यंत्र दाखवलं. "प्रिंट किती चुकली ते हे सांगतं. पण जुळवायला मूळ रंग लागतो, काकू."

त्यांनी बांगड्या मागे सारून मनगट पुढे केलं. "ती माझ्यावर गेली होती."

यंत्र मनगटाला लावलं, मग प्रिंटला. रंग बदलून पुन्हा प्रिंट, पुन्हा मनगट. शेवटी फरक डोळ्याला कळू नये इतकाच उरला. कागदावर सावळी, हसरी मुलगी उमटली. बाईंनी तिच्या गालावरून बोट फिरवलं. "आली."

मागे बाकावर बसलेले त्यांचे यजमान उठून आले आणि त्यांनी फोटो उजेडात धरला.

"हिला जरा उजळ करा," ते म्हणाले. "तेराव्याला माणसं येतील."

बाईंनी मनगट पदराखाली घेतलं.