खास पावसासाठी

“हेच घ्या मावशी! खास पावसासाठी. रस्त्याला गोचिडासारखे चिकटतील,” टायरवाला रांगेतल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं छाती ठोकून म्हणाला. टेम्पोवाल्या मावशीने काळ्याकुळकुळीत टायरवरून अंगठा फिरवला. गेल्या पावसाळ्यात इथल्याच टायरांवर तिच्या भावाची गाडी घसरली, भाऊ गेला. झिजलेल्या टायरांवर खाचा कोरून हा ते नवे म्हणून विकतो, हे नंतर मेकॅनिकने दाखवलं. “बसवा चारही,” ती गोड हसली. टायर बसताच तिने दुकानाच्या दारात छत्री उघडणाऱ्या टायरवाल्याच्या लेकीला हाक मारली, “शाळेत सोडते गं, चल!” पोरगी टुणकन पुढच्या सीटवर! इंजिन घुरघुरलं. टायरवाला भर पावसात धावत टेम्पोपुढे आडवा आला. “थांबा! ते टायर कोरलेले आहेत!” अख्ख्या रांगेने ऐकलं. गिअर टाकलाच नव्हता. मावशीने किल्ली काढली. “माझ्या भावाच्या गाडीपुढे असा आडवा का नाही आलास?”