माणसाळलेली झाडं

"सावली मोजू नये गं, दृष्ट लागते तिला," आत्या म्हणायची. तो आवाज सुगंधाच्या कानात अजून होता; हातात मात्र सावली मोजायचा आरसा होता. आरशात पान किती, आभाळ किती ते पाहायचं आणि गाव या झाडांखाली राहायला आणायचं की नाही ते सांगायचं. माणसाची ऊब लागली की पानं तिकडे वळवावीत, अशीच ही झाडं घडवलेली होती. सुगंधा जिथे उभी राही, तिथे आरसा पानांनी भरून जाई.

"मोजतेस का नवरी न्याहाळतेस?" सुनेला घेऊन झाडं बघायला आलेली गावातली हौसाक्का म्हणाली. "उद्याच बिऱ्हाड हलवते. त्या तापल्या पत्र्याखाली सुनेचं बाळंतपण नको बाई."

सुगंधाला हसू आलं नाही. पोटुशी सून खोडाशी टेकली होती. तिच्या अंगात दोन जिवांची ऊब. तिच्यावर पानं दाटत होती, तसतसं हौसाक्काच्या पदरावर ऊन उतरत होतं. सकाळपासून सुगंधा हेच पाहत होती आणि गप्प होती. बोलावं, तर यांना पुन्हा तोच पत्रा.

"अगं, हो म्हण की!"

"आक्का," सुगंधानं आरसा खाली केला, "सावली सगळ्यांना पुरणार नाही. गाव आलं, तर ही झाडं एकाच्या डोक्यावरची काढून दुसऱ्याच्या डोक्यावर धरतील."