टॉप गिअरच्या पुढे

नवरा आणि लेक ज्या अपघातात गेली, त्यात गाडीचा चक्काचूर झाला, पण गिअरबॉक्सला ओरखडासुद्धा नव्हता. त्यांचं काहीतरी चालतं राहावं म्हणून तिने तो वडिलांच्या जुन्या अमेरिकन गाडीत बसवून घेतला.

“वहिनी, या दोन गाड्या सख्ख्या बहिणी. एकीची चप्पल दुसरीला बसते,” मेकॅनिक म्हणाला. “शाफ्ट तेवढा आखूड करावा लागला. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे टॉपच्या पुढचा गिअर, ठाऊक आहे ना? वेग आला की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, मग तो लागतो. वेग उतरला की आपोआप सुटतो.”

तिला ठाऊक होतं. नवरा नेहमी पुलापाशी पाय उचलायचा. खट्ट व्हायचं आणि इंजिन एकदम शांत व्हायचं. “झोपल्या बघ ठमाबाई,” तो म्हणायचा. लेक मागच्या सीटवर खरंच झोपलेली असायची. त्या दिवशीही झोपलेलीच होती म्हणे.

दुपारी ती एकटीच निघाली. पूल आला. तो आवाज सोसवणार नाही, म्हणून तिने पाय घट्ट दाबून धरला.

तरी खट्ट झालं. इंजिन शांत झालं.

मागून श्वास ऐकू आला. संथ, चोंदलेल्या नाकाचा, सर्दीत लेकीचा यायचा तसा.

तिने आरशात पाहिलं नाही. समोर ते वळण दिसू लागलं, जिथे ती दोघं गेली होती. वेग कमी केला तर ओव्हरड्राइव्ह सुटणार, इंजिन गुरगुरणार आणि झोप मोडणार.

“झोप, बाळा,” ती म्हणाली. तिचा पाय ब्रेककडे गेलाच नाही.