पयले बघू दे

“थांब, पयले बघू दे कोन आयलाय!”

लहानपणी ऐकलेला आईचा तो आवाज रीमाच्या कानात अजून घुमायचा. आनंदीबाई उंबऱ्यावर यायची, डोळ्यांवर हात धरून आलेल्याला न्याहाळायची, मगच ‘या’ म्हणायची. शब्द एकच. पण जावयासाठी त्या ‘या’मागून पाट यायचा, मीठवाल्यासाठी पाण्याचा तांब्या, पोरासोरांसाठी गुळाचा खडा.

अंजूरच्या त्याच घरात रीमा आता लिस्प या संगणकभाषेचा कंपायलर दुरुस्त करत बसली होती. तिथंही तसंच. फंक्शनचं नाव एक. समोर कोण आलंय ते पाहून ज्याचं त्याचं काम निवडायचं. दर वेळी शोधत बसायला नको, म्हणून मागची निवड कॅशमध्ये, प्रोग्रॅमच्या हाताशी असलेल्या आठवणीत, जपायची. नवं काम नोंदवायचं तर आधी कुलूप लावायचं, जुनी आठवण पुसायची, मग कुलूप काढायचं. पण कुठंतरी कुणी कुलूप न बघताच आत शिरत होतं, आणि प्रोग्रॅम जुनंच उत्तर देत होता. झटक्यात. अगदी खात्रीनं.

ही चूक सापडली की बंगळूरची नोकरी पक्की. कित्येक महिने तिनं पडद्यावरून मान वर केली नव्हती.

दुपार खाडीच्या वाऱ्यात पेंगत होती. गोदामांकडचे ट्रक स्वप्नात घरघरावं तसे दूर कुठंतरी घरघरत होते. डोकं जड झालं म्हणून रीमा भावाच्या, जीवनच्या, चपला पायात अडकवून बांधापर्यंत जाऊन आली. फटक फटक करत ओटीवर चढली. आई सुपात तांदूळ पाखडत होती.

“जीवन, आलास क रं? आज ड्युटी लवकर सुटली?” आनंदीबाई हसली. “चाय टाकते. रीमाला हाक नको मारू. काम संपू दे तिचं, जाऊ दे एकदाची पोर.”

रीमा भर उजेडात उभी होती. आई थेट तिच्याकडेच बघत होती.

अलीकडे येईल त्याला नुसता चहाच मिळतो, पाट नाही की गूळ नाही, हे तिला आत्ता आठवलं. आणि आईचा तो हात? डोळ्यांवर जायचा तो?

“आये,” रीमा म्हणाली, “पयले बघ ना, कोन आयलाय.”

सूप थांबलं. आईचा हात कपाळाकडे निघाला आणि अर्ध्यातूनच खाली आला.

“दिसत न्हाय गो, रीमा. तू गेल्यावर सांगनार व्हते.”